ग्रामीण हवेतील कणांचे रासायनिक विश्लेषण

ग्रामीण हवेतील कणांचे रासायनिक विश्लेषण : गावाकडच्या हवेत तरंगणाऱ्या घन आणि द्रव कणांमध्ये कोणते पदार्थ किती प्रमाणात आहेत, हे ठरवण्याची पद्धती. एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत, एवढेच वजनावरून कळते. हे कण म्हणजे शेतातली माती आहे, चुलीचा धूर आहे की दूरच्या वीजकेंद्रातल्या वायूपासून बनलेले सल्फेट, हे रासायनिक तपासणीशिवाय सांगता येत नाही. भारतातील २००९च्या मानकांनुसार २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. हे कण कशाचे बनलेले आहेत, याचा या आकड्याशी संबंध नाही.

रस्ते आणि कारखाने यांपासून दूरची जागा निवडली, की एका धुराड्याऐवजी सगळ्या प्रदेशाची हवा तपासता येते. मात्र गावची हवा स्वच्छच असते, ही शहरी समजूत आहे. सरपण, शेणी, उसाचे पाचट, मावळात व कोकणात भाताच्या रोपांसाठी भाजले जाणारे राब या सर्वांचा धूर तिथलाच. जनावरांचे मूत्र आणि युरिया यांतून अमोनिया सुटतो व आम्लांशी संयोग पावून अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट यांचे सूक्ष्म कण बनतात.

नमुना घेताना पंपाने हवा ओढून ती ठरावीक आकाराचेच कण आत सोडणाऱ्या तोंडातून फिल्टरवर नेतात. एक नमुना बहुधा २४ तासांचा असतो. एकच फिल्टर सर्व तपासण्यांना चालत नाही. टेफ्लॉनचा फिल्टर वजनासाठी आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीने मूलद्रव्ये मोजण्यासाठी उपयोगी पडतो, पण तो स्वतःच कार्बनी असल्याने कार्बन मोजायला निरुपयोगी. त्यासाठी क्वार्ट्‌झचा फिल्टर आधी भट्टीत तापवून, त्यावरचा कार्बन जाळून मग वापरतात. अमोनियम नायट्रेट उन्हाच्या तापाने टेफ्लॉनवरून उडून जाते, म्हणून नायट्रेटसाठी नायलॉन. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांमध्ये दृश्यमानतेच्या अभ्यासासाठी १९८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘इम्प्रूव्ह’ या जाळ्यात अशी फिल्टरांची विभागणी रूढ आहे.

पाण्यात विरघळणारे आयन आयन क्रोमॅटोग्राफीने मोजतात. त्यांतली गुणोत्तरे बोलकी असतात. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड वजनाने सोडियमच्या सुमारे १.८ पट असते. किनाऱ्यापासून आत आलेल्या नमुन्यात ते कमी भरले, तर वाटेत नायट्रिक किंवा सल्फ्यूरिक आम्लाने मिठातले क्लोरीन हुसकावले, असे समजतात. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, लोह मातीकडे बोट दाखवतात. पोटॅशियम, तसेच सेल्युलोज जळताना तयार होणारे लेव्होग्लुकोसान लाकूडफाट्याकडे. लेव्होग्लुकोसान दूरच्या प्रवासात थोडेफार नष्ट होते, त्यामुळे लांबून आलेल्या धुराचा अंदाज त्यावरून कमी निघू शकतो.

खरा किचकट भाग कार्बनचा. फिल्टरचा तुकडा आधी हेलियममध्ये तापवतात, तेव्हा सेंद्रिय कार्बन निघून जातो. मग ऑक्सिजन सोडला की काजळी जळते. पण पहिल्या टप्प्यातच काही सेंद्रिय पदार्थ करपून काळे होतात आणि काजळीत गणले जाण्याची भीती असते. म्हणून फिल्टरवर लेसर किरण पाडून काळेपणा कधी पूर्ववत होतो, यावरून दोहोंमधली सीमा आखतात. ही सीमा तापमानाच्या टप्प्यांवर अवलंबून असल्याने दोन पद्धतींचे काजळीचे आकडे सर्रास जुळत नाहीत.

कार्बन लाकडाचा की डिझेल-कोळशाचा, हा वाद दक्षिण आशियात बरीच वर्षे चालला. तो मिटवण्यात पुण्याजवळच्या सिंहगडाचा वाटा मोठा आहे. गड सुमारे १,३०० मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यात तिथे मोठ्या प्रदेशावरून आलेली हवा मिळते. (गडावरची चुलीवरची पिठलं-भाकरी प्रसिद्ध आहे, अशा ठिकाणी यंत्र कुठे ठेवायचे हे वाऱ्याची दिशा पाहूनच ठरवावे लागते.) सिंहगड आणि मालदीवमधील हनिमाधू येथील हिवाळी नमुन्यांतील कार्बन-१४ मोजून ओर्यान गुस्टाफसन व सहकाऱ्यांनी २००९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. खनिज इंधनात कार्बन-१४ उरलेला नसतो, ताज्या लाकडात व शेणात असतो. एकूण कार्बनी कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा जैविक पदार्थांच्या ज्वलनाचा निघाला. काजळीतला हा वाटा ती वेगळी करण्याच्या पद्धतीनुसार निम्मा किंवा दोन तृतीयांश आला. आधी सांगितलेली सीमेची अडचण इथेही सुटली नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या महाबळेश्वर येथील प्रयोगशाळेत एक मायक्रोमीटरहून लहान कणांची घडण दिवसभर सलग नोंदवणारे यंत्रही वापरले गेले आहे. ते कण सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवून बाष्पाचे वस्तुमान-वर्णपट घेते. त्यामुळे रात्री चढणारे नायट्रेट किंवा दुपारी वाढणारे सेंद्रिय पदार्थ तासागणिक दिसतात. मात्र त्या तापमानाला न उडणारे काजळी, माती आणि समुद्री मीठ त्याच्या मापनातून निसटतात. त्यांच्यासाठी फिल्टर आजही लावावा लागतो.