भयाच्या दोन वाटा : हाका, कॉल आणि कान

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना यादीची सुरुवातच विकृत ध्वनीने होते. कोल्ह्याघुबडांचा त्रास, ओसाड घर, अरण्य हे सारे त्यामागून येते. आपण वर्गात ही यादी पाठ करून घेतो आणि पुढच्या रसाकडे वळतो. परंतु ध्वनीला हा मान का मिळाला असावा, आणि एखादा निरुपद्रवी आवाज भयाचा वाहक कसा बनतो, हा प्रश्न रसचर्चेइतकाच इतिहासाचाही आहे. गोंदिया जिल्ह्यातील अरण्ये त्याला एक उत्तर देतात, प्रयोगशाळा दुसरे.

नागझिरा आणि नवेगावबांध ही दोन नावे मराठी वाचकाला नकाशाआधी साहित्यातून भेटतात. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले, तर वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला दीर्घकाळ राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी तिथल्या पक्ष्याप्राण्यांना मराठी गद्यात कायमची जागा दिली. या अरण्यात वाघ दिसण्याआधी ऐकू येतो, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या तोंडून. चितळाची तीक्ष्ण शीळ, वानराचा खाकरल्यासारखा आवाज, सांबराचा खणखणीत इशारा. वनरक्षक आणि वाटाडे याला 'कॉल' म्हणतात. त्यातही सांबराच्या कॉलवर त्यांचा अधिक भरवसा असतो.

याच प्रदेशात ध्वनीचा दुसरा, क्रूर वापरही होता. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली. आजचा गोंदिया जिल्हा (तो १९९९ साली वेगळा झाला) तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. सातपुड्याच्या या पट्ट्यातील शिकारीची वर्णने कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वाचायला मिळतात. शिकारीची रूढ पद्धत म्हणजे हाका. गावकऱ्यांना हाकारे म्हणून लावायचे, त्यांनी ढोल, डबे आणि आरोळ्यांनी जंगल उठवायचे, आणि जनावर मचाणावरच्या बंदुकीसमोर आणायचे. दोन्ही बाजूंच्या झाडांवर काही माणसे गप्प बसवलेली असत. वाघ वाट सोडू लागला की त्यांनी खोडावर हलकेच टकटक करायची. तेवढ्याने वाघ वळे. दणदणाट लागतो तो जनावर उठवायला. वळवायला टकटक पुरते. हाक्याची सारी कला या एका निरीक्षणावर उभी होती.

शास्त्राने या निरीक्षणाला हात घातला तो विसाव्या शतकात. ठोक्याचा आवाज आणि अन्न यांची सांगड घालून पावलॉव्हने कुत्र्याला लाळ गाळायला शिकवले, हे सर्वश्रुत आहे. १९२० साली अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी जेमतेम ११ महिन्यांच्या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि बाळाने त्याला हात लावताच पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा हाणला. काही पुनरावृत्तींनंतर बाळ नुसत्या उंदराला पाहून रडू लागले. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. येथे ध्वनी हा मूळ आघात होता. ध्वनीचेच भय कसे शिकले जाते, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहिला.

तो सोडवला जोसेफ लडू या संशोधकाने, १९८०च्या दशकात. उंदराला एक सूर ऐकवायचा आणि लगेच पायाला विजेचा सौम्य झटका द्यायचा. पुढे नुसत्या सुरानेच उंदीर जागच्या जागी थिजतो. लडूने मेंदूतील श्रवणमार्गाचे टप्पे एकेक करून निकामी केले. सर्वांत वरचा टप्पा, म्हणजे श्रवणाचे बाह्यक, काढले तरी उंदीर भय शिकला. त्याखालचा थॅलॅमस निकामी केला, तेव्हा मात्र शिकला नाही. याचा अर्थ थॅलॅमसपासून बाह्यकाला वगळून जाणारी एक आडवाट असली पाहिजे. ती अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या केंद्रात पोचते, असे दिसून आले. या आडवाटेने संदेश सुमारे १२ मिलिसेकंदांत पोचतो. बाह्यकातून येणाऱ्या हमरस्त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आडवाट घाईची आणि ढोबळ, हमरस्ता सावकाश पण बारकाव्यांचा. एरवी दोन्ही वाटा मिळून काम करतात. खोडावरची टकटक वाघाला वळवते, ती याच घाईच्या वाटेच्या बळावर, असे मानायला जागा आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला खरा रस वाटावा असा भाग यापुढचा. २०१४ साली लडूने स्वतःच्याच परिभाषेवर आक्षेप घेतला. उंदराचे थिजणे हे भय नव्हे, तो धोक्याला दिलेला प्रतिसाद होय. भय म्हणजे जाणीवपूर्वक अनुभवलेली अवस्था, आणि दोन्हींना एकच शब्द वापरल्याने संशोधनच वाट चुकले, असा त्याचा मुद्दा. संज्ञेचा हा काटेकोरपणा आपल्याला परका नाही. भरताने 'भय' हा स्थायिभाव वेगळा ठेवला आणि स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथु यांना सात्त्विक भावांत स्थान दिले. उंदराचे थिजणे म्हणजे स्तंभ. त्यावरून भय अनुमानावे लागते, ते थेट दिसत नाही. दोन्ही विचारव्यूहांचे प्रयोजन भिन्न आहे. एकाचा पुरावा म्हणून दुसऱ्याला उभे करणे चुकीचे ठरेल. तथापि लक्षण आणि भाव यांत गल्लत होऊ नये, ही दक्षता दोन्हीकडे आहे.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला कायद्याचा पायबंद बसला. हाक्यात सापडून निसटलेले जनावर आज हयात असणे शक्य नाही. पण पावलॉव्हनेच नोंदवले होते की शिकलेला प्रतिसाद विझल्यासारखा वाटला तरी काही काळाने परत उमटतो. तो पुसला जात नाही, दाबला जातो. आणि माणूस अजूनही बोलतोच आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांवर ध्वनिमुद्रणे ऐकवून केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसांच्या साध्या बोलण्याने प्राणी पळून जाण्याची शक्यता दुप्पट आढळली. भयानक रसाच्या विभावांत भरताने विकृत ध्वनी सांगितला. अरण्याच्या कानाला तो विकृत ध्वनी म्हणजे आपले नेहमीचे बोलणे आहे.