धूळपाटी, मोडी आणि मुलाचा हात

1/ मालवण-सावंतवाडीकडील जुन्या मोडी कागदांत अक्षरे आधी ओढलेल्या शिरोरेघेखाली, लेखणी शक्यतो न उचलता, धावत जातात. हा वेग येई तो लहानपणीच्या गिरवण्यातून.

2/ पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर अक्षर काढी; बोरू आणि कागद पुढे. कागद महाग, हे कारण होतेच. पण मोठ्या हालचालीकडून बारीक हालचालीकडे जाण्याचा हा क्रम मुलाच्या हाताला मानवणाराही होता.

3/ परीक्षा कशाची? दासबोधाच्या 19व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. वाटोळे, सरळ, मोकळे अक्षर, काना-मात्रांची शिस्त, ग्रंथ संपेपर्यंत टिकणारा सारखेपणा. कसोट्या नेमक्या, पण त्या उमटलेल्या अक्षराच्या. मुलाची पकड, वेग, थकवा त्यांत येत नाही. अक्षर वळले नाही की तो आळस ठरे, आणि त्यावर उपाय छडी. दप्तरांत उरले ते लिहिते झालेल्यांचेच अक्षर. मागे पडलेल्या मुलांचा कागदच नाही.

4/ आज पाहून लिहिणे, ऐकून लिहिणे आणि मनाने लिहिणे वेगवेगळे तपासतात. तोंडी उत्तर अचूक, कागदावर मात्र गोंधळ, अशा मुलाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली.