असमर्थतेचे मोजमाप

आंधळ्यापांगळ्यांना पोसणे हे पुण्यकर्म होय, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु ज्याला काम करवत नाही त्याला मदत मिळण्याचा हक्क आहे, ही कल्पना त्या मानाने अलीकडची. दयेचे हक्कात रूपांतर झाले की एक नवा प्रश्न उभा राहतो. दानाला पुराव्याची गरज नसते, कायद्याला असते. अमुक मनुष्य असमर्थ आहे हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून, या प्रश्नाचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

या कल्पनेला राष्ट्रव्यापी कायद्याचे रूप प्रथम जर्मनीने दिले. बिस्मार्कच्या अमदानीत १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा व १८८९ साली वार्धक्य आणि असमर्थता यांचा विमा अस्तित्वात आला. समाजवाद्यांचे बळ खच्ची करावे, हा त्यातील राजकीय हेतू लपून राहिलेला नाही. तथापि योजना पक्की होती. कामगार व मालक यांनी सारखी वर्गणी भरावयाची आणि प्रत्येक पेन्शनमागे सरकारने वर्षाला ५० मार्कांची भर घालावयाची. वार्धक्याचे पेन्शन सत्तराव्या वर्षी मिळे. ते वय गाठणारे श्रमजीवी थोडे, म्हणून असमर्थतेच्या तरतुदीचे मोल मोठे होते.

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या एकेका अवयवाची टक्केवारी दिली होती. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती ७० टक्के गेली असे धरावयाचे, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०. या कोष्टकाचा फायदा उघड होता. प्रत्येक बोटासाठी वाद घालण्याचे कारण उरले नाही. पण तर्जनी गमावलेला विणकर आणि तर्जनी गमावलेला पहारेकरी कोष्टकाच्या दृष्टीने सारखेच ठरले.

गंमत अशी की, त्याच कायद्यात दुसरे मापही होते. अपघाताच्या वेळी कामगार जी कामे करू शकत होता ती सर्व करण्यास तो असमर्थ झाला, तर ते पूर्ण अपंगत्व, अशी त्यात व्याख्या होती. या दोन मापांतील विरोध १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, असे मालकाचे म्हणणे. एका हाताने सुतारकाम होत नाही, असे म्हणून न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व मानले.

ही भरपाई मालकाच्या खिशातून यावयाची, म्हणून जखमी कामगाराला मालकाशीच भांडावे लागे. अडारकरांच्या १९४४ च्या अहवालावरून १९४८ साली राज्य विमा कायदा झाला, तो ही अडचण दूर करण्यासाठी. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ साली नागपूर व मुंबई येथे ही योजना सुरू झाली. दरम्यान १९५० च्या संविधानाने ४१ व्या कलमात आजारपण व अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळावे असे सांगितले. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यावरून दावा लावता येत नाही.

शेतमजूर, गवंडी, हमाल यांना विम्याचे छत्र नव्हते. त्यांच्यासारख्या निराधारांसाठी महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली आणि तहसील कचेरीत अर्ज जाऊ लागले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आखली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, तरी रेषा तीच ठेवली.

येथेच आमची शंका आहे. दाखल्यावरील आकडा शरीराविषयी बोलतो; अर्जदाराची अडचण कामाविषयी असते. पस्तीस टक्क्यांचा दाखला घेऊन परतणाऱ्या हमालाला ओझे उचलता येत नाही, आणि लेखणीचे काम त्याला कोणी देत नाही. आकड्यावाचून सरकारी कारभार चालणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सुताराच्या दाव्यात न्यायालयाने जो प्रश्न विचारला, तो प्रत्येक अर्जदाराला विचारला गेला पाहिजे: तुम्ही कोणते काम करीत होता, आणि आता ते होते काय?