गळ्याची परीक्षा

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी संगीत नाटकाच्या निवडीला उभा राहिलो, याची आमच्या नंदुरबारात पुष्कळांना गंमत वाटली. पेटीवाल्याने काळी चारची पट्टी धरली आणि दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फाटला. पेटीवाला माझाच जुना विद्यार्थी. हळूच म्हणाला, "गुरुजी, पट्टी उतरवू का?" मी खाली मान घालून घरी आलो.

या फजितीचे मूळ जुने आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे सूत्रधार गाई. पात्रांच्या गळ्याची परीक्षा नव्हती. त्याच साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ती चाल मोडली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्यात 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि पात्रे आपापली पदे स्वतः गाऊ लागली. तेव्हापासून नटाला आधी गळा विचारतात!

परंतु हे करणारे अण्णासाहेब कोण? सदतीस वर्षांचे, पूर्वी मास्तरकी केलेले, सरकारी कचेरीतले नोकरदार. नोकरी सांभाळून त्यांनी पदे रचली, तालमी घेतल्या. संगीत रंगभूमीचा पाया अशा संसारी माणसाने घातला. मग माझ्या हौसेला का हसावे?

दुसऱ्या दिवशी निरोप आला: पद मिळणार नाही, मात्र नांदीला मागे उभे राहून चारजणांत गायचे आहे, पट्टी काळी दोन.

उपरणे घेतले आणि तालमीला गेलो.