सातारा-सांगलीच्या वाटेवरील कायदे

कायदा म्हटला म्हणजे तो सर्वांस सारखाच असावयाचा, अशी आपली सहज समजूत असते. परंतु 1948 पूर्वी साताऱ्याहून सांगलीस निघालेल्या प्रवाशास ही समजूत वाटेतच सोडावी लागे. सातारा जिल्हा इंग्रजी अमलाखालचा. मध्येच कुंडलसारखी औंध संस्थानची गावे. पुढे सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. प्रत्येकाचा दरबार निराळा, न्यायाधीश निराळा. वर्गात नकाशावरील हे रंगीबेरंगी ठिपके समजावून देताना आम्हां शिक्षकांची पुरेवाट होत असे!

साताऱ्याचेच पाहा. 1819 च्या तहाने प्रतापसिंह महाराजांस राज्य मिळाले, 1839 त ते पदच्युत झाले, आणि 1848 त त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने राज्यापुरते अमान्य केले. खाजगी मिळकतीपुरते मात्र ते मान्य झाले. एकच दत्तविधान धर्मशास्त्राने सिद्ध आणि राजनीतीने असिद्ध! राज्य खालसा होऊन मुंबई इलाख्यात गेले.

या इलाख्यात 1827 सालीच एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दीत न्यायाधीशांस एक क्रम घालून दिलेला होता. प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे. ते नसतील तेथे देशरिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि अखेरीस न्याय, समता व सदसद्विवेक. देशरिवाजास दिलेले हे स्थान मला फार शहाणपणाचे वाटते. परंतु जुन्या पंचायती मागे पडून जी दिवाणी कोर्टे आली, त्यांत सावकाराच्या कागदापुढे निरक्षर कुणब्याचा शब्द टिकेना. 1875 त सुप्याच्या बाजारी दंगा उसळला, आणि 1879 त शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चारच जिल्ह्यांस लागू होता.

या कायद्याने कोर्टास कर्जखताच्या मागे जाऊन कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल किती, व्याज किती, हे वेगळे काढावयाचे. फेड हप्त्यांनी करून द्यावयाची. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद करावयाची नाही. पुढे तर खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद वस्तुतः गहाणाचा आहे, हे तोंडी पुराव्यानेही दाखविण्याची मुभा मिळाली. कित्येक घराण्यांच्या जमिनीचा प्रश्न या एका सवलतीवर लोंबकळत असे.

परंतु हा कायदा संस्थानच्या शिवेपाशी थबके. इतकेच नव्हे, तर कायद्याच्या भाषेत सांगलीचे कोर्ट हे सातारच्या कोर्टास परदेशी! सरकारने खास जाहीरनाम्याने सवलत दिली नसेल, तर तेथील हुकूमनाम्याची इकडे सरळ बजावणी होत नसे. त्यावर पुन्हा दावा लावावा लागे. ऋणको दोन कोस पलीकडे राहावयास गेला की सावकाराचा जीव टांगणीस.

औंधात निराळाच प्रयोग झाला. 1939 त भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेस राज्यघटना दिली व गावपंचायतींच्या हाती अधिकार सोपविला. चार वर्षांनी त्याच कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहून तेही न्यायनिवाडे करू लागले. त्याच्या शिक्षा कठोर होत्या, त्यांचे समर्थन मला करवत नाही. पण स्टँप व वकील यांच्या खर्चावाचून निकाल मिळतो, म्हणून लोक तिकडे जात, हेही खरे.

8 मार्च 1948 रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. 1949 त दक्षिण सातारा जिल्हा निघाला, 1960 त त्याचे नाव सांगली झाले. तथापि एका दिवसात सारे कायदे एक झाले, असे नव्हे. इनामे नाहीशी करण्याकरितादेखील जुन्या मुलखास 1952 चा एक कायदा आणि विलीन मुलखास 1955 चा दुसरा, असे वेगळे कायदे करावे लागले. म्हणून जुन्या इनाम जमिनीचा वाद आला, की वकील अजूनही पक्षकारास प्रथम विचारतो: 1948 पूर्वी तुमचे गाव कोणाच्या अमलात होते?