घानात वीज गेली म्हणून वाचली कंपनी: व्यवसायांनी तंत्रज्ञान कसं सांभाळावं?

27 जून 2017. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीतले कॉम्प्युटर एकामागून एक बंद पडू लागले. जगातल्या कंटेनर वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा तेव्हा या कंपनीकडे होता. तिच्या 76 पैकी 17 टर्मिनल्सना फटका बसला. त्यात नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनलही होतं.

नेमकं काय घडलं?

'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयातही ते सॉफ्टवेअर होतं.

व्हायरस विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेत होता, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिला होता. पण तेवढ्याने भागणारं नव्हतं. हा व्हायरस कॉम्प्युटरच्या मेमरीतले पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या मशीनमध्येही शिरत होता. स्क्रीनवर खंडणीची मागणी दिसायची, पण पैसे भरूनही डेटा परत मिळणं शक्य नव्हतं.

घानाचा काय संबंध?

कोणता कर्मचारी कोणत्या सिस्टीममध्ये जाऊ शकतो, हे ठरवणारे सुमारे 150 सर्व्हर मर्स्ककडे होते. प्रत्येकावर सारखीच माहिती असल्याने ते एकमेकांचे बॅकअप आहेत, असं गृहीत धरलं होतं. सगळेच एकदम जातील, हा विचार झाला नव्हता. आणि नेमकं तेच झालं.

अपवाद एकच. घानातल्या कार्यालयात वीज गेल्यामुळे तिथला सर्व्हर हल्ल्याच्या वेळी नेटवर्कवर नव्हता. तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं की डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी हार्ड डिस्क विमानाने, नायजेरियामार्गे ब्रिटनला नेण्यात आली.

पुढे 10 दिवसांत कंपनीने 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे केले. तोवर कर्मचारी हातानेच काम निभावत होते. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेलं.

यातून व्यवसायांनी काय घ्यायचं?

- यादी: कोणतं सॉफ्टवेअर कुठे चालतं, ते कोणी बसवलं आणि त्याचं अपडेट कोण बघतं, हे लिहून ठेवा.
- वेगळा बॅकअप: एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली आणि दुसऱ्या जागी हवी. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क मूळ डेटासोबतच जाऊ शकते.
- मर्यादित प्रवेश: प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्या. एका मशीनचा पासवर्ड फुटला तरी सगळं उघडं पडू नये.
- रंगीत तालीम: बॅकअपमधून डेटा खरंच परत येतो का, हे अधूनमधून करून बघा.
- पर्यायी पद्धत: सिस्टीम बंद असताना ऑर्डर आणि बिलं कशी चालतील, हे आधीच ठरवा.

लहान व्यवसायाला हे परवडतं का?

यातल्या बहुतेक गोष्टींना पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते. दुकानाचा हिशेब एकाच कॉम्प्युटरवर आणि पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक, असं असेल तर सुरुवात तिथूनच करा. मर्स्ककडे माणसं आणि पैसा दोन्ही होतं, तरी ती प्रत घानातल्या गेलेल्या विजेमुळे वाचली. तुमची प्रत आज कुठे आहे, हे एकदा तपासून बघा.