ग्रीस जळल्याचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात तह असतात, लढाया असतात, शेवटी सनावळी असते. ग्रीसला मात्र तिथे कोणी जागा देत नाही. वास्तविक या जगात एक रस्ता असा आहे, की ज्याचं नावच मुळी ग्रीसवरून पडलं. तो अमेरिकेत आहे. सान फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेटचा पूल ओलांडला की मरीन नावाचा परगणा लागतो. त्यात फेअरफॅक्स हे गाव, आणि गावाबाहेरच्या डोंगरावरून खाली येणारा हा कच्चा रस्ता, वणवा लागला तर बंब जावेत म्हणून काढलेला. लांबी सुमारे दोन मैल आणि तेवढ्यात उतार तेराशे फुटांचा. मध्ये वळणं, खड्डे, सुटे दगड, आणि डाव्या-उजव्या बाजूला काय आहे हे न पाहिलेलंच बरं.

या रस्त्याला 'रिपॅक' म्हणतात. मराठी करायचं तर 'पुन्हा भरणे'. आमच्या बँकेच्या भाषांतर खात्याकडे दिलं असतं तर त्यांनी 'पुनर्भरण मार्ग' केलं असतं आणि लोकांना वाटलं असतं, इथे गॅसचे सिलिंडर मिळतात.

त्याचं असं झालं. सत्तरीच्या दशकात या गावातली काही तरुण मंडळी जुन्यापान्या सायकली घेऊन डोंगर चढायची आणि सुसाट खाली यायची. या सायकलींना आपल्यासारखे हँडलवरचे ब्रेक नव्हते. पेडल उलटं मारलं की मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक लागायचा. सपाट रस्त्यावर शाळेत जाणाऱ्या पोरासाठी ही सोय उत्तम. पण तेराशे फूट उतरताना सतत उलटं पेडल दाबून धरलं की हब इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचेपर्यंत ग्रीस खलास. मग हब उघडा, छर्रे पुसा, नवं ग्रीस भरा, तेव्हा कुठे पुन्हा वर जाण्याची भाषा. म्हणून रिपॅक.

आता सायकलींविषयी. श्विन नावाच्या शिकागोच्या कंपनीने १९३३ साली जाड, फुगीर टायरांची सायकल बाजारात आणली. टायरची रुंदी सव्वादोन इंचांच्या आतबाहेर. मंदीचा काळ होता, मोठ्या माणसांनी सायकली घेणं सोडलं होतं, तेव्हा पोरांना खूश करावं हा हिशोब. पेपर टाकणाऱ्या पोरांनी त्या वर्षानुवर्षं वापरल्या, मग पोरं मोठी झाली, मोटारी आल्या, आणि सायकली कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन पडल्या. चाळीस वर्षांनी फेअरफॅक्सच्या मंडळींनी त्या पाच-पाच डॉलरला उचलल्या. त्यातलं 'एक्सेल्सियर' हे मॉडेल त्यांना फार प्रिय. वजन पन्नास पौंडांच्या घरात. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलीतून दोन कॅन वजा करावेत म्हणजे कल्पना येईल. ते लोक तिला 'क्लंकर' म्हणत. आपण खटारा म्हणू.

गंमत अशी, की हे काही ज्यांना चांगली सायकल परवडत नव्हती असे लोक नव्हते. त्यांतले पुष्कळजण सडकेवरच्या शर्यतींत भाग घेणारे पट्टीचे सायकलपटू होते. घरी हलक्या, बारीक टायरांच्या, जिवापाड जपलेल्या सायकली होत्या. त्या सायकलींवर बसलं की शर्यत आली, नियम आले, सराव आला, तोंडावर गांभीर्य आलं. ते सगळं घरी ठेवून खटारा काढायचा आणि डोंगरावर जायचं. सणासुदीला जरीचं धोतर नेसणारा माणूस रविवारी पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात जसा सुखी दिसतो, तसा हा प्रकार.

त्यांतला एक गॅरी फिशर. १९६८ साली शर्यतींच्या संघटनेने याला केस लांब आहेत म्हणून खेळायला बंदी केली, ती १९७२ पर्यंत टिकली. केसांचा आणि सायकलीच्या वेगाचा संबंध काय, असं विचारण्याची सोय नव्हती. दुसरा चार्ली केली. हा एका रॉक बँडचं सामान वाहून न्यायचं, मांडायचं, आवरायचं काम करी. तिसरा जो ब्रीझ, सायकलीचे सांगाडे हाताने बनवणारा. आणि वेंडी क्रॅग ही बाई, जी त्यांच्याबरोबर उतारावरून यायची आणि शिवाय फोटोही काढायची. ते फोटो नसते तर या इतिहासावर आज कोणी विश्वास ठेवला नसता. त्यांत सगळे जीनची पँट आणि जाड बूट घालून आहेत; हेल्मेट शोधावं लागतं.

चार माणसं एका उतारावरून रोज खाली आली की सर्वांत आधी कोण येतं, यावर वाद व्हायचाच. आमच्या शाखेत दिवसाअखेर कॅश कोणाची आधी जुळते यावर होतो, मग हा तर डोंगर. शेवटी ठरलं, घड्याळ लावून एकदाचा सोक्षमोक्ष करू. रस्ता अरुंद, सगळ्यांना एकदम सोडलं तर खाली फक्त सायकली पोचल्या असत्या. म्हणून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडायचं. केलीने यादी-वही सांभाळली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली आणि अ‍ॅलन बाँड्स जिंकला. तो सर्वांत वेगवान होता म्हणून नव्हे. बाकीचे सगळे वाटेत पडले, हा पडला नाही, असं सांगतात. बँकेत बढत्या याच तत्त्वावर होतात, त्यामुळे मला या निकालात काही वावगं वाटत नाही.

पुढे १९८४ पर्यंत अशा चोवीस शर्यती झाल्या. बक्षीस नावापुरतं. फिशरची विक्रमी वेळ चार मिनिटं बावीस सेकंद. ब्रीझची चार मिनिटं चोवीस. वेंडी क्रॅगची पाच मिनिटं सत्तावीस. ते आकडे आजही सायकलवाले लोक पाढ्यांसारखे म्हणतात.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण पाच डॉलरच्या सायकलीत एक खोड असते. ती पाच डॉलरची राहत नाही. १९७४ च्या डिसेंबरात मरीनमध्येच एक चिखलातली शर्यत झाली, तिला क्युपर्टिनो गावाहून तीन-चार पोरं आली. त्यांच्या खटाऱ्यांना गिअर होते! ते पाहणाऱ्यांच्या डोक्यात किडा शिरला. फिशरने आपल्या एक्सेल्सियरला ड्रम ब्रेक लावले, मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे बसवले, गिअर चढवले. म्हणजे आता सायकल चढावर ढकलायला नको, बसून जाता येणार. आमच्या हिशोबाच्या पुस्तकात जुन्या वस्तूचा दरसाल घसारा धरायला शिकवतात. या सायकलींचं मोल दरसाल वाढत गेलं. खातं कुठल्या बाजूला लिहावं हा प्रश्नच आहे. शिवाय जुने सांगाडे उतारावर मोडू लागले आणि चाळीस वर्षांपूर्वीचा माल काही वाण्याकडे मिळत नाही. तेव्हा १९७७ साली ब्रीझने मुद्दाम डोंगरासाठी म्हणून नवा सांगाडा जोडला. ती सायकल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

आणि मग जे व्हायचं ते झालं. हौसेचा धंदा झाला. १९७९ साली फिशर आणि केली यांनी खिशातले थोडेसे डॉलर एकत्र करून दुकान काढलं. टॉम रिची नावाचा तरुण सांगाडे बनवायचा, हे दोघे बाकीचं जोडून विकायचे. दुकानाचं नाव ठेवलं 'माउंटनबाइक्स'. किंमत तेराशे डॉलरच्या आसपास. पाच डॉलरपासून तेराशेपर्यंतचा हा प्रवास अवघ्या तीन-चार वर्षांचा. उतारावर तरबेज असलेली माणसं चढावरही काही कमी नव्हती. पण दुकानाचं नाव त्यांना आपल्यापुरतं राखता आलं नाही. शब्द सगळ्यांचा झाला. १९८१ साली दुसऱ्या एका कंपनीने तशीच सायकल जपानमध्ये घाऊक बनवून घेतली, 'स्टंपजंपर' नावाने, आणि निम्म्याच्या थोड्या वर किमतीत आणली. ती भराभर खपली. १९८३ मध्ये फिशर-केलींची भागीदारी संपली. फिशर स्वतःच्या नावाने सायकली विकू लागला. केली १९८० पासून या खेळाचं एक मासिक काढीत होता, ते त्याने १९८७ पर्यंत ओढलं. ज्याला मासिकाचा जमाखर्च ठाऊक आहे त्याला 'ओढलं' हा शब्द समजावून सांगायला नको.

दोन मित्रांनी मिळून धंदा काढावा की नाही, यावर आपल्याकडे सासरे लोकांची ठाम मतं असतात. मला या गोष्टीत वाईट एवढंच वाटतं, की एका खोलीत राहणारी आणि एका डब्यातलं ग्रीस वापरणारी माणसं पुढे 'आधी कोणी शोधलं' या प्रश्नावर मुलाखती देत बसली.

तसं पाहिलं तर आधी कोणीच शोधलं नाही, किंवा सगळ्यांनीच शोधलं. १८९७ साली अमेरिकन लष्कराच्या पंचविसाव्या पलटणीतले वीस काळे शिपाई मोंटानातल्या मिझुलाहून सेंट लुईपर्यंत १९०० मैल सायकलीवर गेले, चिखलातून, वाळूतून, रेल्वेच्या रुळांवरून. एक्केचाळीस दिवस लागले. लष्कराने शाबासकी दिली आणि सायकली बंद केल्या. १९५३ साली जॉन फिन्ली स्कॉट या समाजशास्त्रवाल्या गृहस्थाने जाड टायर, सरळ हँडल आणि गिअर लावून जंगलात न्यायची सायकल जोडली होती. वीस वर्षं आधी! बिचाऱ्याला बरोबर यायला कोणी नव्हतं. इंग्लंडात १९५५ साली चाळीसेक हौशी लोकांनी एका खानावळीत जमून कच्च्या वाटांवर सायकली नेणाऱ्यांचा रीतसर संघ काढला. इंग्रजांना दोन माणसं जमली की संघ काढावा लागतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. आणि कोलोरॅडोत १९७६ च्याच सप्टेंबरात क्रेस्टेड ब्यूट गावची पंधरा माणसं बारा हजार सातशे फुटांची पर्ल खिंड खटाऱ्यांवरून ओलांडून अ‍ॅस्पेनला गेली. कारण? अ‍ॅस्पेनचे काही जण मोटारसायकलींवरून येऊन रुबाब दाखवून गेले होते. बरोबर मोटार होती आणि मोटारीत बिअर होती. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाची मंडळी तिथे जाऊन थडकली, तेव्हा दोन्ही गावांना कळलं की वेडे आपण एकटेच नाही.

हे वेड आता आमच्या शाखेपर्यंत आलं आहे. कर्ज विभागातल्या एका मुलाने अशी सायकल घेतली आहे, आणि दर सोमवारी तो कोपरावर नवीन पट्टी लावून येतो. मला काका म्हणतो, ते सोडलं तर मुलगा चांगला. डबा खाताना तो सल्ले देतो. "काका, उतारावर बूड सीटच्या मागे न्यायचं. पेडल दोन्ही सारख्या पातळीवर. पुढचा ब्रेक एका बोटाने, हळू. दगडाकडे बघायचं नाही. दगडाकडे बघितलं की सायकल दगडावर जाते." हे शेवटचं मला फार पटलं. काउंटरवर एखादं गिऱ्हाईक टाळायचं असेल तर तिकडे बघायचं नाही, हे मी वीस वर्षं करतो आहे. टायरमध्ये हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडधोंड्यांना धरून चालतो. फार कमी ठेवली तर पंक्चर. फार कमी म्हणजे किती, ते पंक्चर झाल्यावर कळतं. आणि सर्वांत मोठा सल्ला म्हणजे, माणसाकडे किती सायकली असाव्यात? तर आत्ता आहेत त्याहून एक जास्त. हा सल्ला त्याने घरी सांगितला नसावा, कारण दुसरी सायकल गेले दोन महिने बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये उभी आहे.

पण त्याला मी एक गोष्ट सांगितली, ती त्याला माहीत नव्हती. सायकली स्वस्त झाल्या, माणसं वाढली, आणि मरीनच्या डोंगरावर चालायला येणाऱ्या, घोड्यावरून फिरणाऱ्या लोकांचा जीव खालीवर होऊ लागला. त्यांचंही चूक नव्हतं. निवांत पायवाटेने सत्तरीची आजी चालली आहे आणि वळणावरून पंचवीस मैलांच्या वेगाने कोणीतरी दगडाकडे न बघता येतो आहे, हे दृश्य आजीच्या बाजूने पाहावं. तक्रारी झाल्या, सभा झाल्या. १९८४ मध्ये तिथल्या वनखात्याने सरकारी राखीव रानांत सायकलींना मनाई केली. मरीनमध्ये बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि त्यांना बंबांचे रस्ते तेवढे ठेवले. राखणदार वेग मोजायची यंत्रं घेऊन झाडाआड उभे राहू लागले. १९८८ साली सायकलवाल्यांना आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढावी लागली, आणि तिने नियम केले : पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्या, घोडा दिसला की थांबा, ओल्या वाटेवर चाकोऱ्या पाडू नका, वर चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी. जी माणसं नियमांना कंटाळून डोंगरावर गेली होती!

१९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. २०१५ मध्ये फेअरफॅक्समध्ये संग्रहालय उघडलं, तिथे जुन्या क्लंकर सायकली पुसूनपासून उभ्या आहेत. रिपॅकचा रस्ताही आहे. मरीनच्या डोंगरांवर सायकलला ताशी पंधरा मैलांची मर्यादा आहे, आंधळ्या वळणावर पाच. मी कागदावर हिशोब करून त्या मुलाला दाखवला. पंधराच्या वेगाने दोन मैल उतरायला आठ मिनिटं लागतात. म्हणजे फिशरची चार मिनिटं बावीस सेकंदांची वेळ कायद्याने आता कोणालाच मोडता येणार नाही. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "काका, पण वळणं धरलीत का तुम्ही?"

वळणं धरली तर नऊ होतात.